उपाशी मुळं

भिवंडीजवळ राहनाळच्या एका जुन्या सुताच्या गोदामात शेठचा खताचा कारखाना होता. खाली पोती भरायची आणि वरच्या मजल्यावर बुरशी वाढवायची. बुरशी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ही काही शिळ्या भाकरीवरची बुरशी नव्हे. ही झाडाच्या मुळात शिरते, लांबलांबून खनिजं ओढून मुळाला आणून देते आणि बदल्यात साखर खाते. एकटी जगेल तर शपथ. बाटलीत घाला, बशीत घाला, हवं ते खायला घाला, मरते म्हणजे मरतेच. तिला जिवंत मूळ लागतं. म्हणून वर लॅबमध्ये गाजराची मुळं वाढवायची. नुसती मुळं, वर पाला नाही, खाली माती नाही, प्लास्टिकच्या गोल प्लेटमध्ये जेलीवर पसरलेली. आणि त्यांच्या सोबतीला ही लाडावलेली बुरशी.

या कामात बकुळाचा हात धरणारं भिवंडीत कुणी नव्हतं. शिकलेली किती, तर नववी. आधी सात वर्षं तिने खाली पोती भरली. पांढऱ्या भुकटीचा खकाणा नाकातोंडात जायचा, रात्री खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. मग लॅब उभी करणाऱ्या ललिता मॅडमनी एक दिवस तिला जिन्यात थांबवलं, हात पुढे करायला सांगितले, बोटं बघितली आणि म्हणाल्या, उद्यापासून वर ये. वर एसी होता. वर लॅमिनार होतं, म्हणजे काचेचं कपाट, त्यातून गाळलेली हवा तोंडावर येते आणि पुढ्यात बसून काम करायचं. बसून. बकुळाला जन्मात पहिल्यांदा कामावर खुर्ची मिळाली होती, आणि त्या खुर्चीला अकरा वर्षं झाली होती.

मॅडमनी तिला सगळं शिकवलं. प्लेटच्या मधोमध एक बुटकी भिंत असते. अलीकडे साखरेची जेली आणि मूळ, पलीकडे बिनसाखरेची जेली. मूळ भिंत ओलांडायला बघतं, ते दर आठवड्याला ब्लेडने छाटायचं. बुरशीचे धागे मात्र जाऊ द्यायचे. ते पलीकडे जाऊन दाणे धरतात. तीन महिन्यांनी ते दाणे मोजायचे, तोच माल, तोच भुकटीत मिसळून विकायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मॅडम पुन्हा पुन्हा सांगायच्या, "बकुळा, मुळाला पोटभर द्यायचं नाही. फॉस्फेट नखावर मावेल तेवढंच. भरल्या पोटाचं मूळ बुरशीला दारात उभं करत नाही. उपाशी असलं की बरोबर हाक मारतं."

मॅडम दोन वर्षांपूर्वी हैदराबादला गेल्या. त्यांच्या जागी शेठने सुगतला बसवलं. सुगत आधी बियाणं विकत फिरायचा. बोलायला मोठा गोड, पण बुरशीतलं त्याला ठणठण गोपाळ. बकुळाच्याच वस्तीतला, चार घरं सोडून राहणारा. रविवारी विहारात भेटला की "बकुळाताई, जय भीम" म्हणायचा आणि सोमवारी लॅबमध्ये "ओ बाई". बकुळाने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान ती तसं सांगायची.

मंगळी आली दीड वर्षापूर्वी. गणेशपुरीच्या वर डोंगरात तिचा पाडा. बाप येसू दुसऱ्यांच्या भातशेतीवर राबायचा. पोरगी बारावी सायन्स झालेली, राहनाळमध्ये एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहायची. बकुळानेच तिला ब्लेड धरायला शिकवलं, आणि सहा महिन्यांत पोरगी तिच्या पुढे गेली. काय हात होता तिचा. शंभर प्लेट लावल्या तर दोन खराब व्हायच्या, कधी एक. बकुळाच्या आताशा पंधरा जायच्या. मास्कमधली वाफ चष्म्यावर चढायची, चिमट्याचं टोक हलायचं, आणि शेजारच्या गाळ्यातल्या लूमचा धडधडाट टेबलातून थेट तिच्या मनगटात यायचा. आधीही यायचा, पण तेव्हा मनगट ऐकत नव्हतं.

तरी दोघींचं गूळपीठ होतं. मंगळी पाड्यावरून येताना तिच्यासाठी करवंदं आणायची. बकुळा डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी तिच्यापुढे सरकवायची. हे असंच चाललं असतं तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

मार्चमध्ये सुगतने दोघींना समोर उभं केलं. लॅब काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये जाणार होती. तिथे जागा लहान, मशीन नवीन. "शेठनी सांगितलंय, कल्चरला, म्हणजे प्लेट लावायला, एकच बाई. दुसरीला इथे खाली पॅकिंगला घेऊ, तेही जागा असेल तर. या वेळी दोघी साठ-साठ प्लेट लावा, आपापल्या. जूनमध्ये दाणे मोजू. जिचे जास्त, तिची खुर्ची." आणि हसून पुढे म्हणाला, "कसं, फेअर आहे ना?"

मंगळीने मान हलवली. बकुळानेही हलवली. पण मनातून ती जिना उतरायला लागली होती. परत खाली जायचं. परत ती भुकटी, तो खोकला, आणि वर खुर्चीत ही काल आलेली पोर. पॅकिंगच्या बाया जिन्याखाली उभ्या राहून हसतील, म्हणतील, आली का बाईसाहेब खाली. त्या रात्री बकुळाला डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी उठली तेव्हा तिला काय करायचं ते कळलं होतं.

ललिता मॅडमचा एक नियम होता. प्रत्येकीने आपल्या मीडियाच्या, म्हणजे मुळांच्या जेवणाच्या, क्षारांच्या बाटल्या स्वतःच्या स्वतः बनवायच्या आणि त्यावर आपलं अक्षर लिहायचं. बकुळाचा ब, मंगळीचा मं. कुणाची चूक झाली तर लगेच सापडते, म्हणून. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात मंगळीची लिटरची बाटली होती. दुपारी मंगळी डबा खायला गच्चीवर गेली, तेव्हा बकुळाने फॉस्फेटची बरणी काढली आणि चहाचा चमचा शीग लावून दोन वेळा त्या बाटलीत रिकामा केला. बाटली हलवली. सगळं विरघळलं नाही, तळाशी पांढरा गाळ धरला. तिने पुन्हा हलवली, मग भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली, चमचा धुतला आणि गच्चीवर जाऊन मंगळीच्या शेजारी बसली.

विष घातलं असतं तर आठवड्यात कळलं असतं. हिने जेवू घातलं. त्याला कोण नावं ठेवणार?

मंगळीच्या प्लेटमधली मुळं अशी फोफावली की बघत राहावं. पांढरीशुभ्र, जाड, फांदीवर फांदी. बकुळाच्या प्लेटमधली मुळं मात्र नेहमीसारखीच, किडकिडीत आणि पिवळट. सुगत इन्क्युबेटरचं, म्हणजे प्लेट वाढवायच्या उबदार कपाटाचं, दार उघडून उभा राहायचा आणि म्हणायचा, "शिका बाई, शिका जरा." बकुळा ब्लेड चालवत राहायची. मनातून तिला गंमत वाटायची, आणि त्या गंमतीची थोडी भीतीही वाटायची.

चौथ्या आठवड्यात मंगळी मायक्रोस्कोपवरून उठली. चेहरा उतरलेला.

"ताई, धागे न्हाय दिसत. एका पण प्लेटीत. मुळं एवढी चांगली हायत आन् धागा न्हाय."

बकुळाने डोळा लावला. खरंच नव्हते. प्लेट लावताना मुळाशेजारी ठेवलेल्या जेलीच्या तुकड्यातले जुने दाणे उगवले होते, बिचाऱ्यांनी मुळापर्यंत सोंड नेली होती, मुळाने दार उघडलं नव्हतं आणि ते तिथेच सुकले होते. अकरा वर्षांत असं तिने कधी बघितलं नव्हतं.

"उशिरा येतात कधी कधी," ती म्हणाली.

"साहेबांना सांगू का?"

"वेडी आहेस का? तो काय म्हणेल, तुझाच हात वाईट. आज मुळं बघून खूश आहे, खूश राहू दे. मी सांगते ना तुला, येतील."

"तुम्ही म्हणता तर येतील," मंगळी म्हणाली आणि परत ब्लेड घेऊन बसली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने निदान एकदा तरी संशयाने बघितलं असतं. हिने उलट रविवारी पाड्यावर जाऊन येताना करवंदं आणली. बकुळाने ती खाल्ली.

सहाव्या आठवड्यात शेठ एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. सुगतने आधी मंगळीची प्लेट दाखवली, मग बकुळाची. गिऱ्हाईक मंगळीच्या प्लेटकडे बोट करून म्हणालं, "ये चाहिए." शेठची छाती फुगली. "बाकी सब हटाओ," ते सुगतला म्हणाले, "यही वाला रखो." तसाही अर्धा रॅक काल्हेरला गेला होता आणि जागा कमी पडत होती. सुगतला मुळं दिसत होती, धागे बघायला त्याला मायक्रोस्कोपखाली वाकावं लागलं असतं, आणि वाकण्याची त्याला सवय नव्हती.

शेठ गेल्यावर त्याने हुकूम सोडला. "ओ बाई, तुमच्या साठही प्लेट काढा आणि ऑटोक्लेव्हला लावा. बारा मदर प्लेट आहेत, त्याही आजच मंगळीच्या मीडियावर घ्या. जुन्या फेकून द्या. आजपासून या लॅबमध्ये मं सोडून दुसरं अक्षर मला दिसता कामा नये."

आता मदर प्लेट म्हणजे काय ते ऐका. ही बुरशी मॅडमनी बारा वर्षांपूर्वी मातीतून एकेक दाणा वेचून लावली होती. त्याच वंशाच्या या बारा प्लेट, लॅबमधलं सगळं यांच्यापासून. या गेल्या की संपलं. बकुळाच्या साठ प्लेटमध्ये तो वंश जिवंत होता, धागे भिंत ओलांडून पलीकडे पोचले होते, कुठे कुठे दाणेही धरायला लागले होते. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, थांबा, जरा मायक्रोस्कोपखाली बघा. पण बघितलं असतं तर पुढे विचारलं असतं की असं कशाने झालं, आणि बाटली फ्रिजमध्येच होती.

बकुळाने स्वतःच्या साठ प्लेट पिशवीत भरल्या. अठ्ठावन्न. दोन तिने पदराखाली घेतल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढा मोठा कुकर. त्यात वाफेखाली सगळं मरतं आणि प्लास्टिक आक्रसून जातं. तिने झाकण आवळलं, दाबाचा काटा चढताना बघितला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. उलट डोकं कसं झरझर चालायला लागलं. सगळ्या प्लेट मरतील. जूनमध्ये शेठ डोक्याला हात लावून बसतील. तेव्हा बकुळा म्हणेल, माझ्याकडे दोन आहेत. मग खुर्ची कुणाची?

दोन प्लेट घरी नेता येत नव्हत्या, मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली दोन दिवसांत गेल्या असत्या. त्यांना सत्तावीस डिग्री आणि अंधार पाहिजे, म्हणजे इन्क्युबेटरच. तिने आपला स्टीलचा डबा घेतला, त्यात प्लेट ठेवल्या आणि सगळ्यात खालच्या फळीवर रिकाम्या बाटल्यांच्या मागे सारल्या. सुगत मध्येच दार उघडून अक्षरं तपासायचा. म्हणून तिने स्पिरिटच्या बोळ्याने दोन्हींवरचा ब पुसला आणि मार्करने मं लिहिलं. मंगळीच्या साठ आणि बारा मदर मिळून रजिस्टर बहात्तरला थांबलं होतं. हिने पुढचे आकडे टाकले, मं ७३ आणि मं ७४.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज जरा खाली गेला. शेजारी सुगत खड्या आवाजात म्हणत होता.

जून उजाडला. मोजणीच्या दिवशी शेठ खुर्ची टाकून बसले. मंगळी मायक्रोस्कोपवर, बकुळा रजिस्टर घेऊन तिच्या बाजूला. मंगळीने पहिली प्लेट ठेवली, भिंतीपलीकडची जेली चौकटी-चौकटीने बघितली. दुसऱ्यांदा बघितली.

"शून्य," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"शून्य हाय साहेब."

दुसरी शून्य. तिसरी शून्य. सुगतचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने शेठकडे बघितलं. शेठ त्याच्याचकडे बघत होते. आता हे कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं, आणि माथा समोर वाकलेलाच होता.

"मोठ्याने बोल," सुगत म्हणाला. "लूमच्या आवाजात शेठना ऐकू जात नाही. आणि उभी राहून बोल. प्रत्येक प्लेट."

मंगळी वाकून बघायची, उभी राहायची, ओरडायची. शून्य. परत वाकायची. खालून पॅकिंगच्या दोन बाया जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, सुगतने त्यांना हाकललं नाही. विसाव्या प्लेटला मंगळीचा आवाज चिरकला. तिसाव्याला तिने विचारलं, "साहेब, बाकीच्या उद्या मोजू?" सुगत म्हणाला, "मुळं दाखवून दीड महिना आम्हाला येड्यात काढलंस, तेव्हा नाही दमलीस?" साठ झाल्या आणि मदर प्लेटी सुरू झाल्या, तेव्हा तिला काय होतंय ते कळलं. हे फक्त तिचं काम गेलं नव्हतं, सगळंच गेलं होतं. तिने बकुळाकडे बघितलं. ताई काही तरी बोलतील, ताईंनीच सांगितलं होतं ना येतील म्हणून. बकुळाने मान खाली घालून रजिस्टरमध्ये शून्य काढलं. छान गोल काढलं. बहात्तर वेळा.

"उद्या साफसफाई करून दे आणि जा," सुगत म्हणाला. "पॅकिंगलाही नको."

दुसऱ्या दिवशी मंगळी वेळेवर आली. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले. बकुळाने तिला काम वाटून दिलं. खरं तर तिने मूग गिळून बसायला हवं होतं. पण बाटली अजून फ्रिजमध्ये होती, आणि जिंकलेल्या माणसाला बोलण्याचा मोह आवरत नाही.

"मं लिहिलेली एकूण एक प्लेट ऑटोक्लेव्हला लाव. एकही ठेवू नकोस, कळलं? बाटल्या पण ओत, घासून ठेव. आणि काम चोख कर हां, जाता जाता नाव घालवू नको."

"मागे हात घालून बघायचं, रिकामं म्हणून सोडायचं न्हाय," मंगळी म्हणाली. हे बकुळानेच तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

"शहाणी आहेस," बकुळा म्हणाली आणि गच्चीवर जाऊन चहा घेतला. पदर नीट केला. मनातल्या मनात दोन वेळा म्हणून बघितलं. मग ऑफिसात गेली. शेठ फोनवर कुणाला तरी लॅब बंद करण्याबद्दल सांगत होते आणि सुगत नखं खात बसला होता.

"साहेब, बुरशी आहे," बकुळा म्हणाली. "माझ्या दोन प्लेट मी मागे ठेवल्या होत्या. जिवंत आहेत. त्यातून चार महिन्यांत सगळं परत उभं करून देते."

सुगत उठून उभा राहिला. शेठनी फोन ठेवला. त्या दोघांच्या तोंडावर जे आलं ते बकुळाला आयुष्यभर पुरलं असतं. शेठ म्हणाले, "बाई, आप तो देवी निकली," आणि काल्हेरची खुर्ची आणि पगाराचंही काही तरी बोलले. बकुळा पुढे, मागे ते दोघे, अशी वरात लॅबमध्ये आली.

तिने इन्क्युबेटर उघडला. खालची फळी लख्ख पुसलेली होती. स्पिरिटचा वास येत होता. रिकाम्या बाटल्या नव्हत्या. तिने तरी हात आत घातला, पार कोपऱ्यापर्यंत. मग तिचं लक्ष सिंककडे गेलं. स्टीलचा डबा धुऊन पालथा घातलेला होता.

मंगळी ऑटोक्लेव्हजवळ स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी, पायात चपला. काटा पंधरावर होता.

"डब्यात..." बकुळा म्हणाली. तिने सिंककडे बोट केलं.

"मं होतं त्यांच्यावर," मंगळी म्हणाली. "तुम्हीच बोललात, एकही ठेवू नको."

"नीट बघितलंस तरी?"

"बघितल्या ना. आधी उजेडाला धरल्या, मग मायक्रोस्कोपखाली घेतल्या. भिंतीपल्याड दाणे होते. एकीत तीनशे बारा, दुसरीत दोनशे सत्त्याऐंशी." तिचा आवाज काल ओरडून ओरडून बसला होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "मोजल्या आन् टाकल्या."

सुगतने ऑटोक्लेव्हच्या झाकणाकडे झेप घेतली. बकुळाच्या तोंडून सवयीने निघालं, "काटा खाली आल्याशिवाय उघडू नका, वाफ तोंडावर येईल." त्याने हात मागे घेतला. मग सगळे थांबले. वीस मिनिटं वाफ, आणि मग काटा उतरेपर्यंत आणखी तेवढीच. शेजारचे लूम चालू होते. शेठनी एकदा विचारलं, "अब क्या होगा?" बकुळा काट्याकडे बघत होती.

"तू मला का नाही आणून दाखवल्यास?" सुगतने मंगळीला विचारलं. त्याच्या आवाजात आता काकुळती होती. "तुझं नाव निघालं असतं."

"दाखवल्या असत्या तर दाणे तुमचे झाले असते," मंगळी म्हणाली. "काल बहात्तर वेळा ओरडले मी. कुणी म्हणालं का, बस कर? आज खुर्ची दिली असती मला? तुम्हीच सांगा." ती उठली. टेबलावर एक बाटली ठेवलेली होती, लिटरची, मं लिहिलेली. तिने ती उचलून त्याच्या हातात दिली. "ही ओतली न्हाय मी. तळाला बघा. मी बनवते तेव्हा गाळ धरत न्हाय."

मग ती बकुळाकडे वळली. बकुळाला वाटलं ही आता शिव्या देईल, थुंकेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही करवंदं पण खाल्लीत ताई," मंगळी म्हणाली आणि गेली. पाड्याकडे जाणारी पावणेतीनची वज्रेश्वरी गाडी तिला गाठायची होती. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला, मग लूमच्या आवाजात तो गेला.

काटा शून्यावर आला. सुगतने झाकण काढलं. वाफ गेल्यावर चिमट्याने पिशवी उचकटली आणि वरच्या दोन प्लेट बाहेर काढल्या. भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या, जेली वितळून पाणी झाली होती, मुळं शिजून तांबूस पडली होती. मार्करची शाई मात्र टिकली होती. सुगतने ती वाचली, मग रजिस्टर उघडून शेवटचं पान बघितलं, मग पुन्हा प्लेट बघितल्या. मंगळीचा मं आखूड आणि तिरपा असायचा. हा मोठा, गोल, ललिता मॅडमनी घोटून घेतलेला.

"रजिस्टर बहात्तरला संपतं," तो म्हणाला. "हे त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर तुमचं अक्षर आहे."

बकुळाचे डोळे त्या गोल अक्षरावर होते. शेठ भिंतीला टेकून उभे होते. जिन्यात पॅकिंगच्या बाया पुन्हा जमल्या होत्या, त्यांना वास लागला होता.

सुगतने मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची पायाने मागे सारली. वाकडी झालेली प्लेट त्याने काचेवर ठेवली आणि दिवा लावला.

"मोजा," तो म्हणाला. "उभ्याने. मोठ्याने."

बकुळा वाकली. चष्म्यावर वाफ चढली होती, तिला काहीच दिसत नव्हतं, आणि दिसण्यासारखं काही नव्हतंच. ती सरळ झाली.

"शून्य."

"ऐकू नाही आलं."

"शून्य," बकुळा ओरडली. जिन्यातली एक बाई हसली. सुगतने रजिस्टर आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने मं ७३ लिहिलं, पुढे शून्य काढलं, आणि दुसरी प्लेट स्वतःच उचलून काचेवर ठेवली.